झाकण क्रमांक चारशे सतरा

"रविवारच्या आत हे झाकण बसलं नाही ना, तर मला मोठ्या बाई म्हणू नका!"

मंगळवारी सकाळी भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून मोठ्या बाईंनी हे जाहीर केलं आणि सगळ्या गल्लीने ऐकलं. न ऐकून सांगता कुणाला! बाईंचा आवाजच असा, की त्या स्वयंपाकघरात मीठ मागायच्या आणि चौथ्या घरातली सून बरणी घेऊन उठायची.

झाकण म्हणजे बाईंच्या दारासमोरच्या गटाराच्या चेंबरचं. दहा दिवसांपूर्वी विटांची गाडी त्यावरून गेली, झाकणाचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही आत पडले. मागे उरलं ते भोक, दुपारच्या कारकुनासारखं तोंड वासून पडलेलं. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून बाईंनी घरातली एक खुर्ची आणून त्यात रोवली. चारही पाय आत, बैठक रस्त्याला टेकलेली, पाठ ताठ उभी आणि पाठीला लाल फडकं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, रस्त्यालाच कुणी बसून घ्यायला सांगितलंय!

पण ती खुर्ची साधीसुधी नव्हती. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी ती एक, आणि चारही धाकटीने भेट दिलेल्या. धाकटी म्हणजे बाईंची सख्खी धाकटी बहीण. तिच्या शहरात म्हणे सगळं मोबाईलवर होतं, दिवेसुद्धा माणूस आला की लागतात आणि गेला की विझतात. ती रविवारी येणार होती. तिचा खुबा मागच्या वर्षी बदललेला, गाडी दारात थांबणार आणि पहिलं पाऊल नेमकं त्या भोकावर पडणार. बरं, भोकातून वाचली तरी पुढे टेबल होतंच. धाकटी घरात आली की आधी खुर्च्या मोजते, मग माणसं.

"तीनच भरल्या तर म्हणेल, ताईने विकून खाल्ली," बाई म्हणाल्या.

"मी दहा दिवस ओट्याशी उभा राहून जेवतोय, त्याचं काय?" आतून बुवा म्हणाले. बुवा म्हणजे बाईंचे यजमान. घरात त्यांचं मत विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे ते मधूनमधून आपणच सांगून टाकत.

समोरच्या घरातली बाई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिला गल्ली समोरची म्हणायची. "रविवारी ना?" ती म्हणाली. "मग माझ्या मागच्या दारचंही बघा की, मोठ्या बाई. तीन महिने उघडं आहे. सासूबाईंना एका डोळ्याने दिसतं, काठी टेकत तिथूनच जातात. माझा जीव टांगणीला असतो."

"तीन महिने!" बाई कडाडल्या. "तुम्हाला काम करून घेता येत नाही, म्हणून तीन महिने. तुझंही करून आणते. एका फेरीत दोन!"

आता बाईंची काम करून घ्यायची पद्धत सांगायला हवी. शाळा चौथीपर्यंत, पण ही पद्धत कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पालिकेत जायचं. तीन नंबरच्या खिडकीतून तक्रार द्यायची. मग घरी न येता आत शिरून छोट्या साहेबांच्या टेबलासमोर बसायचं आणि पिशवीतून दोन किलो मटार काढून सोलायला लागायचं. शेंगा त्यांच्या टेबलावर, टरफलं त्यांच्या फायलींवर. बोलायचं काही नाही. नुसतं सोलायचं. टक, टक, टक! पहिल्या किलोला साहेब घड्याळ बघायचे, दुसऱ्याला घाम पुसायचे, आणि पिशवी रिकामी व्हायच्या आत कागदावर सही व्हायची. बावीस वर्षांत बाईंची एकही तक्रार दुसऱ्या दिवसावर गेली नव्हती, आणि घरी मटार सोलायचं काम सुनेला कधी पडलं नव्हतं.

बुधवारी बाई पिशवी घेऊन पालिकेत पोहोचल्या आणि बघतात तर काय! तीन नंबरची खिडकी बंद! तिच्या जागी काचेचा एक मोठा पडदा, पडद्यावर एका बाईचं हसरं चित्र, आणि वर पाटी: 'नगरसखी. आता बुद्धिमान यंत्र तुमच्या सेवेत.'

त्याहून नवल आत होतं. सगळे कर्मचारी जागेवर! एकजात सगळे, डिंकाने चिकटवल्यासारखे खुर्चीत बसलेले. एका कारकुनाचे ओठ सुकले होते, पाण्याचं पिंप चार पावलांवर होतं, आणि तो त्याच्याकडे नुसता बघत होता.

"अरे, उठून पी की," बाई म्हणाल्या.

"उठता येत नाही, मावशी. वर बघा." वर कॅमेरा होता. "खुर्ची रिकामी दिसली की गैरहजेरी. पूर्वी बरं होतं, अंगठा लावला की दिवसभर मोकळे. आता सखी खुर्च्या बघते." त्याने मान वळवून खुर्चीच्या पाठीवरचा पिवळ्या रंगातला आकडा दाखवला. "ज्या नंबरवर कुणी बसलंय, तो हजर."

"आणि काम करतोय का, ते कोण बघतं?"

"ते तिला दिसत नाही," कारकून समाधानाने म्हणाला.

बाई छोट्या साहेबांच्या टेबलाशी गेल्या. छोटे साहेब म्हणजे पालिकेचे धाकटे इंजिनिअर. बावीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा खरंच छोटे होते, आता टक्कल पडलं तरी नाव तेच. बाईंच्या हातातली पिशवी बघून ते पहिल्यांदाच घाबरले नाहीत. उलट हसले.

"आजी, आता मला सोलून उपयोग नाही. सगळं सखी करते. वरून हुकूम आलाय, महिनाअखेरीस यंत्र चालू पाहिजे."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून. त्यांनाही वरूनच आलाय."

"मग सगळ्यात वर कोण बसलंय?"

साहेबांनी वर पाहिलं. "तिथे छत आहे, आजी."

"आणि त्या पडद्यातल्या बाईला आमची गल्ली काय ठाऊक?"

"बावीस वर्षांच्या तक्रारवह्या तिच्या पोटात घातल्यात. पानन् पान! आणि एकच गोष्ट शिकवलीय, तक्रार लवकरात लवकर बंद झाली पाहिजे."

"बंद की दूर?"

साहेबांनी विचार केला. "त्यात फरक असतो का?"

बाई पडद्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी शेंगा काढल्या. टक, टक, टक! अर्धा किलो झाला. पडदा हसतच होता. त्याला ना घड्याळ बघायला मनगट, ना घाम यायला कपाळ! मागे रांग लागली. शेवटी बाईंनी हार मानली आणि तोंड उघडलं.

"झाकण दे!"

"नमस्कार!" आवाज इतका गोड, की ऐकून मुंग्या गोळा व्हाव्यात. "आपण झाकण म्हणालात, बरोबर?"

"बरोबर. आणि समोरचीच्या मागच्या दाराचंही—"

"कृपया एका वेळी एकच तक्रार सांगा. आपला मोबाईल नंबर?"

बाईंनी सुनेचा नंबर सांगितला. पडदा म्हणाला, "तक्रार नोंदवली. लागणारा वेळ: आजचा दिवस."

रांगेत कुजबुज झाली. बाईंच्या आधीच्या माणसाला रस्त्यावरच्या दिव्यासाठी नव्वद दिवस मिळाले होते! छोटे साहेबसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या मान लांब करून बघू लागले.

"असं होय!" ते म्हणाले. "वह्यांत तुमच्या घरची प्रत्येक तक्रार त्याच दिवशी बंद झालेली आहे. तिला वाटतंय, तो नियमच आहे."

"तो नियमच आहे," बाई म्हणाल्या आणि उरलेल्या शेंगा घेऊन राणीसारख्या बाहेर पडल्या. समोरचीच्या झाकणाची आठवण त्यांना घराच्या पायरीवर झाली. म्हटलं, उद्या सांगू.

दुपारी खरंच मुकादम आला! पालिकेच्या मजुरांवरचा हा मुकादम, मिशा झाडूसारख्या आणि स्वभाव गरीब. हातात मात्र झाकण नव्हतं. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात पिवळ्या रंगाचा डबा. त्याने भोकाचा फोटो काढला. मोबाईल टुणकन वाजला. त्याने वाचलं, मान हलवली, ब्रश बुडवला आणि खुर्चीच्या पाठीवर झोकात आकडा काढला, ४१७.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"झाकण. आहे म्हणतंय." त्याने मोबाईल वाचून दाखवला. "'झाकण: आहे. प्रकार: खुर्ची. स्थिती: उत्तम.' उत्तम बरं का, मोठ्या बाई! आमच्या खऱ्या लोखंडी झाकणांना कधी उत्तम मिळालं नाही."

"अरे, तुला डोळे आहेत ना?"

"आहेत की. पण डोळ्यांना आता कुणी विचारत नाही. फोटो काढायचा, नंबर टाकायचा. खुर्ची असो, झाकण असो, खांब असो, नंबर एकाच वहीतले."

तेवढ्यात सूनबाई मोबाईल घेऊन बाहेर आली. "आई, निरोप आलाय. 'आपली तक्रार चाळीस मिनिटांत बंद झाली. आपण किती समाधानी आहात?' खाली दोन बटणं आहेत. एक 'समाधानी', एक 'अत्यंत समाधानी'."

"आण इकडे! चांगली सांगते त्याला!" बाईंनी मोबाईल हिसकावला आणि रागाने अंगठा असा दाबला, की काच तडकायची तेवढी राहिली.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "तुम्ही अत्यंत समाधानी झालात."

गुरुवारी सकाळी बाईंनी ठरवलं, यंत्र गेलं खड्ड्यात, आपली खुर्ची आपण काढायची! निदान टेबल तरी पुरं होईल. भोकावर एखादा पत्रा टाकू. त्यांनी एक बाजू धरली, बुवांनी दुसरी. खुर्ची वीतभर वर आली न आली तोच सूनबाईचा फोन किंचाळला.

"आई! 'झाकण क्रमांक चारशे सतरा जागेवरून हलत आहे. सरकारी मालमत्तेला हात लावू नये. पथक निघाले आहे.'"

बाईंनी वर पाहिलं. कोपऱ्यावरच्या खांबावर कॅमेरा बसला होता, चिमणीएवढा. टक लावून बघत होता मेला!

दहा मिनिटांत मुकादम चार माणसांसह हजर. बाईंनी त्याला बोलू दिलं तर ना! "भोक पडलं तेव्हा दहा दिवसांत कुणी फिरकलं नाही, आणि खुर्ची हलली तर दहा मिनिटांत वरात? माझ्या बहिणीची खुर्ची आहे ही!"

"मग बहिणीने अर्ज करावा," मुकादम रडवेल्या सुरात म्हणाला आणि त्याच्या माणसांनी खुर्ची पुन्हा रोवली, आधीपेक्षा घट्ट. "तुम्हाला नाही कळत, मोठ्या बाई. तुमची खुर्ची सखीला फार आवडलीय! आजवरची सगळ्यात झटपट बंद झालेली तक्रार, वर तक्रार करणारी बाई अत्यंत समाधानी. शहरात अजून बासष्ट भोकं उघडी आहेत. हुकूम निघालाय, सगळीकडे खुर्च्या बसवा!"

"बासष्ट खुर्च्या आणणार कुठून?"

मुकादमाने आवाज खाली केला. "तिने साठ्याची यादी बघितली. बासष्ट नंबर घातलेल्या खुर्च्या आधीच पालिकेकडे आहेत म्हणते."

बाईंना ओठ सुकलेला कारकून आठवला आणि पहिल्यांदा त्यांना त्या यंत्राबद्दल थोडीशी आपुलकी वाटली.

शुक्रवारी सकाळी पालिकेच्या दारातून खुर्च्यांनी भरलेला ट्रक निघाला. बघणारे सांगतात, कर्मचारी मागून धावत होते. पण धावणारे कर्मचारी सखीला दिसत नाहीत, तिला फक्त खुर्च्या दिसतात. दुपारपर्यंत शहरभर गटारांवर खुर्च्या उगवल्या. समोरची धापा टाकत आली.

"मोठ्या बाई, आमच्याकडे मोठ्या साहेबांची खुर्ची आलीय! उंच पाठीची, गुबगुबीत, खाली चाकं! पाय आत उतरलेच नाहीत, भोकावर नुसती ठेवलीय. सासूबाईंनी आधाराला हात ठेवला, तर खुर्ची गरकन फिरली आणि त्या पडता पडता वाचल्या! तुम्ही सांगितलं होतं ना तिथे आमचं?"

बाई एकदम पायातली चप्पल नीट करू लागल्या. "सांगत होते. ती म्हणाली, एका वेळी एकच. थांब तू, आता बघ मी काय करते!"

त्यांनी पिशवी उचलली आणि रस्त्यात जाऊन सरळ चारशे सतरावर बसल्या. "उचलायची नाही म्हणालात ना? बसायला बंदी नाही!" खांबावरच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यांनी पहिली शेंग मोडली. टक! "बघ! बघ नीट! हे झाकण नाही, ही खुर्ची आहे! आणि खुर्ची माणसाला बसायला असते!" गाड्या वळसा घालून जाऊ लागल्या. बुवांनी चहा रस्त्यावर आणून दिला. दुपारी बाराला बसलेल्या बाई संध्याकाळी सहाला उठल्या, तेव्हा पिशवीत एक शेंग उरली नव्हती आणि कॅमेरा तसाच बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मटार संपले आणि काम झालं नाही. त्या रात्री बाई नीट जेवल्या नाहीत. बुवांनी उभ्या उभ्या जेवता जेवता ते पाहिलं.

शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. छोटे साहेब! शर्ट चुरगळलेला, डोळे खोल गेलेले, अंगात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा कंप.

"मॅडम, आत येऊ?"

बाईंनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी मॅडम उभी आहे का. नव्हती.

"ये. बस." छोटे साहेब तीनपैकी एका खुर्चीत कोसळले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बसायला मिळाल्याचं इतकं सुख बाईंनी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"काल पालिकेत आम्ही सगळे होतो, मॅडम. उभे. पण आमच्या खुर्च्या भोकांवर रिकाम्या. सखीने एकूणएक सगळ्यांची गैरहजेरी लावली. मोठ्या साहेबांचीसुद्धा! बाजाराच्या कोपऱ्यावर हिशेब विभागाच्या खुर्चीत एक कुत्रं झोपलं होतं, त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी लागली." ते पाणी प्यायले. "पूर्ण हजेरी एकट्या खुर्ची क्रमांक चारशे सतराची. सहा तास. जागेवरून न हलता!"

"मग?"

"कुठल्याही कामाला हजर माणसाची मंजुरी लागते. हजर फक्त तुम्ही. चारशे सतरा तक्रारीच्या नोंदीत असल्यामुळे तिने अख्खा तक्रार विभाग तुमच्याकडे दिलाय. सहाशे बारा तक्रारी तुमच्या सहीसाठी थांबल्यात." त्यांनी पाटीसारखं यंत्र बाईंच्या हातात ठेवलं. "बोललं तरी चालतं. तुमचा आवाज तिने काल ओळखून ठेवलाय."

"तो कोण विसरेल!" ओट्यापाशी बुवा पुटपुटले.

बाईंनी यंत्र दोन्ही हातांनी धरलं. सहाशे बारा! त्यांच्या अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं. घसा साफ करून त्या म्हणाल्या, "माझ्या दारात लोखंडी झाकण बसव."

"झाकण आहे. प्रकार: खुर्ची," गोड आवाज म्हणाला. "बदलण्याचे कारण?"

"कारण मी सांगतेय म्हणून!"

"कारण मान्य."

छोट्या साहेबांनी कपाळावर हात मारला. "बावीस वर्षांच्या वह्या! सगळ्यात जास्त वेळा हेच कारण लिहिलेलं आहे त्यात."

तासाभरात मुकादम नवं कोरं झाकण घेऊन आला. "गोदामात सत्तर पडलीत, मोठ्या बाई! मंजुरी द्यायला कुणी हजर नव्हतं." खुर्ची निघाली, झाकण बसलं, टण्ण! बाईंनी त्यावर दोनदा पाय आपटून पाहिला. असा आनंद त्यांना पहिला नातू झाला तेव्हा झाला होता, आणि तो तर रडत होता.

"मॅडम," छोटे साहेब म्हणाले, "बाकीची बासष्टही आजच सांगून टाका ना. एक एक करून सांगावं लागेल, संध्याकाळपर्यंत होईल. आमच्या खुर्च्या सुटतील."

"एक एक करून? बासष्ट?" बाईंनी घराकडे पाहिलं. खुर्ची घासायची होती, पडदे धुवायचे होते, आणि पिवळा रंग निघतो का ते बघायचं होतं. "अहो, उद्या माझी बहीण येतेय! सोमवारी बघू."

"मग एवढं तरी करा. खुर्ची कॅमेऱ्याला दिसेल अशी ठेवा आणि तुम्ही त्यावर बसा. तुम्हीही गैरहजर झालात तर पालिकेत कुणीच उरणार नाही."

म्हणून जेवणाचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी ओढलं गेलं. खिडकी सताड उघडी, खिडकीशी चारशे सतरा, समोर खांबावरचा कॅमेरा. पिवळा रंग काही निघाला नाही. सूनबाईने दोन साबण संपवले, आकडा उलट जास्तच उजळला.

रविवारी अकराच्या सुमाराला गाडी दारात थांबली. धाकटीने पहिलं पाऊल टाकलं ते नव्या झाकणावर. मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. धाकटी क्षणभर थांबली, खाली पाहिलं, काठीने ठोकून पाहिलं, आणि एकही शब्द न बोलता आत आली. बाई तेवढ्याने भरून पावल्या! टेबलाशी येऊन धाकटीने बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार. मग ती वाकली.

"ताई, माझ्या खुर्चीवर हा आकडा कसला?"

"मानाचा आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना नाही मिळत. तक्रार विभाग माझ्याकडे आहे सध्या."

"तुझ्याकडे? पालिकेचा?" धाकटीचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत असा उतरला नव्हता! "आमच्याकडे तर तक्रार केली की निरोप येतो, 'आपण रांगेत नऊशेवे आहात.'"

बाई हे ऐकून घेत होत्या, तोंडात साखर धरल्यासारख्या, तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"मोठ्या बाई?"

समोरची उभी होती. तिच्यामागे दिव्याला नव्वद दिवस मिळालेला माणूस, त्याच्यामागे आणखी कुणी, आणि त्यांच्यामागे रांग. गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. बातमी फुटली होती!

"सासूबाईंना परवापासून घराबाहेर सोडलं नाही मी," समोरची म्हणाली. "ती चाकांची खुर्ची... तुम्ही मंगळवारी म्हणाला होतात ना, एका फेरीत दोन. एवढं एक झाकण सांगा ना त्या सखीला."

ते यंत्र आत कपाटावर होतं. आणायला उठलं, तर खुर्ची रिकामी दिसणार. कॅमेरा बघत होता, धाकटी बघत होती, टेबलावर जेवण निवत होतं. आणि बाईंच्या तोंडून, कसं कोण जाणे, अगदी सहज निघून गेलं.

"आज साहेब नाहीत... म्हणजे, उद्या या!"

ओट्याशी बुवांचा घास हातातच राहिला. पाहुणी बसायची म्हणून ते आजही उभेच होते.

समोरची भांडली नाही. ती घरी गेली, एक स्टूल घेऊन आली, आणि बाईंच्या खिडकीसमोर, नव्याकोऱ्या लोखंडी झाकणावर स्टूल ठेवून बसली. तिने पिशवी उघडली. दोन किलो तरी असतील.

टक.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

टक, टक.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुला घाम का आलाय?"

बावीस वर्षं बाईंनी मटार सोलले, पण ते टेबलाच्या या बाजूने इतके मोठ्याने ऐकू येतात, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"सूनबाई," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, इतक्या बारीक की चौथ्या घरात कुणी उठलं नाही, "कपाटावरचं ते यंत्र आण गं. आणि बासष्टची यादी काढ. पहिलं हिच्या मागच्या दाराचं."